मालक धारवाडला गेल्यात

व्हय व्हय, दादासो कांबळ्यांचंच घर ह्ये — जयभीम, या — न्हाय, त्या खुर्चीवर नगा, तिचा पाय डुगडुगतोय, हितं बाजल्यावर बसा, सावली बी हाय. प्रसेनजीतनी धाडलंय न्हवं तुमास्नी, हातकणंगल्यासनं? आमचं जावई. सकाळीच शेजारच्या चिमणाबाईकडं फोन आलता त्यांचा, की मामी, माझा दोस्त येतोय गाडी बघायला, पटली तर आजच घिऊन जाईल, तेवढी मामांची समजूत घालून ठेवा. घातली की समजूत. ह्या घरात समजूत घालायचं काम जलमभर ह्या मीनाबाईच्याच वाट्याला आलंय, दुसरं हाय कोण. पाणी घ्या. मालक? मालक आत्ता घरात न्हाईत. धारवाडला गेल्यात.

गाडी घिऊनच गेल्यात की. आता असं तोंडाकडं बघू नगा, गाडी कुठं जात न्हाय — म्हंजे जाती, पण जाग्यावर ऱ्हाऊन जाती — सांगतो, सगळं सांगतो. ह्ये समोर पत्र्याचं शेड दिसतंय न्हवं, शटर वढल्यालं, खाली वाकळ कोंबल्याली? त्याच्या आत गाडी हाय. गाडीत मालक हाईत. आणि मालक धारवाडला गेल्यात. जरा कान द्या — येतंय ऐकू? गुंऽऽ करून — माशी न्हवं ती, काँटेसाचं इंजीन हाय, तुमी बघायला आलाय तीच निळी काँटेसा. म्हणून म्हणतो, दम धरा. मला बजावून गेल्यात त्ये, की पावण्याला थांबवून घे, आल्यावर मीच गाडी दावतो. आता घरमालकानं थांबा म्हणल्यावर पावण्यानं थांबायचं असतं. चहा ठेवलाय चुलीवर.

येडं झालंय म्हणताय का मनात? म्हणा की, गाव म्हणतंय, तुमी म्हणलासा म्हणून काय बिघडलं. पण आधी ऐका. शाहूपुरीत ह्येंचं टायर रिमोल्डचं दुकान, हितं मुडशिंगीत घर, आणि ह्या शेडात जुनी टायरं ठेवायची — चोरीला जात्यात म्हणून शेडाला खिडकीच ठेवली न्हाय, एक शटर तेवढं. माणूस म्हणाल तर घुमा. दिवसभर रबराच्या वासात, संध्याकाळी यायचं, जेवायचं, भिताडाकडं तोंड करून निजायचं. अक्षता, आमची लेक, ती शाळंला जायला लागली तरी मला वाटायचं, ह्या माणसाला माझ्यासंगं बोलायचंच न्हाय. आणि मग पंच्याण्णव साली ती गाडी आली, एका कारखानदाराची जुनी. मला शेजारी बसवलं आणि हायवेला लागलं. पावणं, खोटं वाटंल तुमास्नी, पण काटा ऐंशीवर गेला आणि ह्या माणसाचं तोंड सुटलं. ह्ये झाड कसलं, ह्या वळणावर कोण उलटलंतं, आई फडक्यात भाकरी कशी बांधून द्यायची, शाळेत मास्तर कुठं बसवायचं आणि का बसवायचं — एवढं सगळं पोटात हुतं की वो ह्या माणसाच्या. नव्वदला गेलं की हसायचं. शंभरला गेलं की नुसतं 'मीना' म्हणायचं. घरात मीनाबाई, शंभरला मीना. ऐतवार आला की बेळगाव — कशाला, तर कुंदा आणायला. पावशेर मिठाईपायी बेळगाव गाठायचं, लोकं हसायची. बायका म्हणायच्या, मीनाबाई, गाडी न्हवं, सवत आणलीया तुझ्या नवऱ्यानं. म्हणलं असंल सवत, पण ह्या सवतीनंच मला नवरा मिळवून दिला. मला कुठं कुंदा पायजे हुता? मला त्यो माणूस पायजे हुता, आणि त्यो ऐंशीच्या खाली मिळत न्हवता.

मग त्यो बेंगलोर रस्ता चौपदरी झाला. काम चालू हुतं तवा रोज संध्याकाळी जाऊन बघून यायचं, आपलंच घर बांधाय काढल्यागत. झाला रस्ता — पोटातलं पाणी हलणार न्हाय असा — पहिल्या दिवशी गेलो तवा ह्येंच्या डोळ्यात पाणी आलतं, मी बघितलं. आणि मग काय झालं, त्या गुळगुळीत रस्त्यावर पोरं मराय लागली. आमच्या गावची बी गेली. म्हणून पोलीस कडक झालं. उड्डाणपुलाच्या सावलीत जीप लावून बसायचं, हातात बंदुकीगत यंत्र, गाडीवर रोखलं की वेग सांगतंय. ताट वाढलं आणि हात धरला, म्हणायचं मालक. पहिल्या खेपंला पावती फाडली. दुसऱ्या खेपंला बी. समोरनं येणारं ट्रकवालं लाईट मारून सांगायचं की फुडं बसल्यात, तरी ह्येंचा पाय उचलायचा न्हाय, कारण तवा कायतरी सांगत असायचं मला, आणि गोष्ट अर्ध्यात असायची. तिसऱ्या खेपंला साहेब नवा हुता. पोरगाच, अक्षताच्या वयाचा. आरडाओरडा न्हाय, शिवी न्हाय. टोपी काढली, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "काका, आता ह्या वयात कुणाला दाखवायचंय?" आणि लायसन ठेवून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चाळीसनं गाडी घरी आणली, वाटंत चकार शब्द न्हाय. मी आपलं राहिलेल्या अर्ध्या गोष्टीची वाट बघत बसलोतो. ह्येंचा धाकटा भाऊ विहिरीत पडला तवाची गोष्ट हुती. त्यो वर कसा आला त्ये मला अजून ठावं न्हाय.

न्हाय न्हाय, लायसन मिळालं की परत. ताकीद दिली, आता सापडलासा तर कायमचं रद्द. मी म्हणलं, चला, सावकाश जाऊ, सावकाश गेलं म्हणून काय पाय मोडत्यात? गेलो. आणि त्या दिवशी मला कळलं की संपलं. माणूस रस्त्याकडं बघतच न्हवता. डोळं सगळं काट्यावर. काटा जरा चढला की पाय उचल, उतरला की दाब, चढला की उचल. एक भंगार टेंपो, मागं कोंबड्यांचं पिंजरं भरल्याला, गाणी लावून फुडं गेला काँटेसाच्या. कागलच्या अलीकडं गाडी कडंला घेतली, हात स्टेरिंगवर तसंच, आणि म्हणालं, "मीनाबाई, गाडी चालवायची म्हंजे रस्त्याकडं बघायचं का काट्याकडं?" 'मीनाबाई' म्हणालं, 'मीना' न्हवं, ध्यानात आलं न्हवं तुमच्या? कायदा वाईट न्हवता. त्या साहेबाचं बी बरोबरच. ज्यांची पोरं गेली त्येंचं तर बरोबरच. पण सगळ्यांचं बरोबर असतं आणि माझ्या घरातला माणूस मुका हुतो, त्याचं मी काय करायचं? गाडी वळवली, शेडात लावली, शटर वढलं. मग जेवण तुटलं. दुकान गड्यांवर सोडलं. परत भिताडाकडं तोंड.

आणि एका दिवशी — ब्रेकचं काम काढलंतं, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली लाकडाचं ठोकळं लावलंतं, फुडच्या चाकास्नी दगड — सहज म्हणून गाडी चालू केली आणि गिअर टाकला. चाकं अधांतरी फिराय लागली, आणि आतला काटा चढाय लागला. चाळीस. साठ. ऐंशी. गाडी तसूभर हलत न्हाय आणि काटा ऐंशीवर. मी भाकरी थापत हुतो, शेडातनं हाक आली — "मीना." पिठाचं हात तसंच घिऊन पळालो. बघतो तर काच खाली, कोपर खिडकीत, आणि माणूस हसतोय. म्हणालं, कागल गेलं बघ आत्ताच. मी दारात उभं ऱ्हाऊन रडलो, पावणं, खोटं कशाला सांगू, आनंदानं रडलो. कोण बंदूक रोखणार हितं? त्ये किलोमीटरचं आकडं फिरत्यात न्हवं, त्यावरनं त्यास्नी कळतं — आता कोगनोळीचा नाका, आता निपाणी, आता तवंदीचा घाट. घाटात गिअर पाडत्यात, उतार लागला की परत टाकत्यात. संकेश्वरला चहा, थर्मास मीच भरून देतो. परतीचा फेरा न्हाय मारत. पोचलं की दोनदा रेस करून गाडी बंद करत्यात, शटरवर आतनं थाप मारत्यात, मी उघडतो, आलं घरी.

आधी शटर उघडंच असायचं. पण चिमणाबाईच्या सुनंचं तान्हं दचकून उठायचं, ती कंपाऊंडवरनं बोलायची, आणि तिचं बी बरोबरच. शिवाय रस्त्यावरची टारगट जमायची — दादासो, कुठवर आलं? दादासो, निपाणीला सोडा की — आणि फिदीफिदी हसायची. मग शटर वढून घेतलं. तरी खालनं आवाज यायचा, म्हणून मी जुन्या लुगड्यांची जाड वाकळ शिवली, शटरच्या मापाची, खालच्या फटीत कोंबायला. वर पत्र्याला फटी हुत्या, तिथं ह्येंनी ट्यूबा कापून ठोकल्या. आता मुंगीला वाट न्हाय. परवा चिमणाबाई मला इचारती, मीनाबाई, सोडला का गं त्येंनी त्यो नाद? एवढं काम पक्कं झालंय. आतनं त्यास्नी वाकळ जमत न्हाय, म्हणून रोज भाईरनं मीच कोंबतो, हातानं चाचपून बघतो कुठं राहिलं का. का वो, चहा गोड झाला? मग कप खाली का ठेवलासा?

एकच तरास हाय — गाडी लागती त्यास्नी. जलमात कधी लागली न्हवती, आता वयामुळं लागती. कागलला जाऊन आलं तर काय न्हाय. निपाणीला गेलं की डोकं धरत्यात. संकेश्वरला गेलं की गरगरतंय म्हणत्यात. बेळगावासनं आलं त्या दिवशी उलट्या झाल्या, पाय टाकता यीना, मी बखोटीला धरून बाजल्यावर आणलं, तोंड तर गुलालात न्हाल्यागत लाल. आलं-लिंबू दिलं, कपाळाला पट्टी बांधली. आता जितकं लांब जाईल तितकं लागणारच की, लांबच्या गाडीत कुणाला लागत न्हाय? मी बी एकदा शेजारी बसलोतो, लई आग्रह केला म्हणून. निपाणी येस्तवर माझं डोकं फुटाय लागलं, म्हणलं उतरवा मला. पण तेवढ्या वेळात किती बोललं माझ्याशी. डोकं फुटत असताना बी वाटत हुतं, आणि थोडं फुडं जावं. आता मी भाईरच बसतो, शटरला पाठ लावून. आतनं बोलल्यालं ऐकू येतं. माझ्या रिकाम्या सीटशी बोलत्यात त्ये. 'मीना, त्ये बघ,' म्हणत्यात. मी भाईरनं म्हणतो, बघितलं.

एक मांजर हुतं, संगं जायचं. मागच्या सीटवर निजायचं. त्ये गेलं एका खेपंला — आतच, निजल्या निजल्या. म्हातारं हुतं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीला अक्षता आली, नातीला घिऊन, साक्षीला. पोरीनं हट्ट धरला, आज्जासंगं कागलला जाणार. न्हेलं. शटर उघडून बघतो तर पोरगी आज्जाच्या मांडीवर निजल्याली, आणि उठंचना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या, मग लई येळानं डोळं उघडलं. दिवसभर उनातानात खेळल्याली, थकणार न्हाय तर काय. पण अक्षतानं जो दंगा केला — आई, एकतर ही गाडी ठेव न्हाईतर लेक ठेव, ह्या घरात मी परत पाय ठेवणार न्हाय. जावई आलं, शेडात शिरलं, वर बघितलं, खाली बघितलं, वाकळ उचलून बघितली, आणि धुराचं कायतरी सांगाय लागलं. मास्तर हाईत, शाळंत विज्ञान शिकवत्यात, शिकवायची सवय जात न्हाय. म्हणालं, मामी, दिसत न्हाय असा धूर असतोय, त्याला वास बी नसतोय. आता तुमीच सांगा. माझा जलम चुलीफुडं गेला. वल्लं लाकूड जाळलं, शेणी जाळल्या, उसाचं चिपाड जाळलं, सगळ्याचा धूर खाऊन बसलोय. धूर म्हंजे डोळं चुरचुरत्यात, ठसका लागतो, पत्र्याला काजळी धरती. शेडात ठसका न्हाय, काजळी न्हाय, ह्येंच्या डोळ्याला टिपूस न्हाय. मग धूर आला कुठनं? मला धूर शिकवत्यात.

पण खरं सांगू का — धुराचं न्हाय, मला दुसऱ्याच गोष्टीचं भ्या वाटाय लागलंतं. अलीकडं गाडीतनं उतरलं की माझ्याकडं बघायचं, आणि माझं नाव चटकन आठवायचं न्हाय. मीना बी न्हाय, मीनाबाई बी न्हाय. नुसतं बघायचं. मग सावकाश यायचं तोंडावर. ज्या नावापायी मी ह्ये सगळं चालवून घेतलं त्येच इसराय लागलं म्हणल्यावर काय ऱ्हायलं? म्हणून मीच म्हणलं, विकूया. मीच, अक्षतानं न्हाय. लेकीला बी ह्ये सांगितलं न्हाय मी, तुमास्नी का सांगाय लागलोय कुणास ठाऊक. इसरा ते.

भांडलं न्हाईत वो. म्हणालं, तुझी मर्जी. आज सकाळी फोन झाल्यावर सांगितलं, पावणं येणार, गाडी न्हेणार. मग दाढी केली, धुवट कापडं घातली, गावाला जाताना करत्यात तसंच, आणि म्हणालं, आज धारवाड करून येतो, तिकडं जायचं राहूनच गेलंय. बेळगावच्या फुडं ह्या शेडातनं कधीच गेलं न्हवतं. धारवाडपतोर पुरंल एवढं पेट्रोल भरलं, डबा रिकामा केला. तब्येतीनं झेपंल का, म्हणलं, तर म्हणालं, गाडीला काय झालंय? मी त्येंच्या तब्येतीचं इचारत हुतो. आणि आत बसताना म्हणालं, "वाकळ नीट लाव, मीना. आज लांब जायचंय." चालू करायच्या आधीच मीना म्हणालं, काटा शून्यावर असताना. आजवर असं कधी झालं न्हवतं. मला इतकं बरं वाटलं की मी वाकळ तर लावलीच, वरनं भिजवल्यालं पोतं बी दाबलं.

कुठं उठलासा? बसा की. न्हाय, शटरला हात लावू नगा — पावणं, हात लावू नगा म्हणतो न्हवं. ऐका आधी. एकदा मी मधीच उघडलंतं. चिमणाबाईनं कायतरी सामान मागितलं शेडातलं, म्हणून उघडलं. तवंदीच्या घाटात हुतं त्ये. उजेड आत गेला आणि ह्येंनी असं बघितलं माझ्याकडं, चालत्या गाडीतनं ढकलून दिल्यागत. समोर काय, तर उकिरडा, कोंबड्या, दोरीवरची धुणी. घाट गेला कुठच्या कुठं. तोंड हातात धरून रडलं, एवढा बाप्या गडी. तवा शपथ घातलीया मला, साक्षीची, की मी पोचल्याबिगर उघडायचं न्हाय. नातीची शपथ मोडू व्हय मी? तुमच्या घरात नात असती तर तुमी मोडली असती?

कवाधरनं म्हंजे? सकाळी न्याहारी करून बसलं. आता उनं कलली. एवढा येळ लागणारच, धारवाड काय हितं हाय? बोलत हुतं की मगाशी. बेळगाव आलं तवा म्हणालं, मीना, आज कुंदा न्हाय घेत, थांबलो तर उशीर हुईल. मी म्हणलं, नगो. मग कित्तूर म्हणालं, का माझंच नाव घेतलं, नीट उमगलं न्हाय, जीभ जड झाल्यागत वाटली. मी म्हणलं, बघितलं. काय बघायचं हुतं त्ये कळलं न्हाय, तरी म्हणलं. तवापासनं गप हाईत. आता गाडी चालवताना माणूस सारखं बोलत बसतोय का, आणि रस्ता सरळ हाय म्हणत्यात तिकडचा. ऐका, आवाज कसा लागलाय. मगाधरनं एकच सूर. एकदा गिअर बदलला न्हाय, एकदा पाय उचलला न्हाय. ह्येंचा पाय असा एका जागी राहणारा न्हवं, कान तयार हाय माझा, पण सरळ रस्त्याला काय करायचंय पाय उचलून? मी कधी गेलो न्हाय धारवाडला. तुमी गेलाय? सरळ हाय न्हवं रस्ता? सांगा की. सरळ हाय न्हवं?

तुमचं तोंड का उतरलं? प्रसेनजीतनी तुमास्नी बी त्येच सांगून धाडलंय का, धुराचं? मग गाडी बघायला आलाय का आमास्नी शिकवायला आलाय? बसा खाली. माझा माणूस हाय त्यो. त्यो कवा पोचला आणि कवा न्हाय, त्ये मला कळतंय, तुमास्नी न्हाय. जलम काढलाय मी त्येंच्या शेजारच्या सीटवर, भाईर बसलो म्हणून काय झालं. आता यील बघा धारवाड. यील. आलंच —

थांबा. खोकली. गाडी खोकली बघा.

बंद झाली. मी म्हणलं न्हवतं तुमास्नी? पोचलं. आलं धारवाड. एवढ्यासाठी घायकुतीला आलातासा. आता — न्हाय, बंद करताना दोनदा रेस करत्यात त्ये, असं खोकून कधी — पेट्रोल संपलं असंल. डबाभर घातलंतं, संपलं. संपलं तर संपलं, पोचलं न्हवं. आता गाडीचं दार उघडतील. कुरकुरतं त्ये दार, लगीच कळतं. आलं का ऐकू? मला अलीकडं जरा कमी येतं. तुमास्नी आलं? येवढ्या लांबनं आल्यात, हातपाय आखडल्यात, येळ लागणारच की उतराय. आता थाप मारतील. रोजचं हाय. मारतील थाप.

अवो. पोचलासा का? पावणं आल्यात. गाडी दावणार हुतासा न्हवं त्यास्नी?

धारवाडला गेलं की झोप लागत असंल. लांब पडतंय न्हवं. पावणं, तुमी जरा — तुमचा हात जड हाय — शटर ठोका. पोचल्यात त्ये, आता शपथंचं काय न्हाय. ठोका. आणि जोरात ठोका, वो.